घरगुती वस्तूंचे मॅक्रो छायाचित्रण

घरगुती वस्तूंचे मॅक्रो छायाचित्रण हा मॅक्रो छायाचित्रणाचा एक प्रकार असून त्यात मीठ, मोहरी, नाणी, काडेपेटी, दोरा, किसणी अशा रोजच्या वापरातील वस्तूंची अगदी जवळून छायाचित्रे घेतली जातात. हा प्रकार प्रामुख्याने छंद म्हणून जोपासला जातो. काटेकोर व्याख्येनुसार, कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडणारी प्रतिमा मूळ वस्तूइतकी किंवा तिच्याहून मोठी असेल तरच त्या छायाचित्रणास मॅक्रो म्हणतात. हे प्रमाण १:१ असे लिहितात. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या संवेदकावर या प्रमाणात २३ मि.मी. व्यासाचे नाणे जेमतेम मावते. जाहिरातींत मात्र हा शब्द बराच सैलपणे वापरला जातो. मॅक्रो म्हणून विकली जाणारी अनेक झूम भिंगे १:४ किंवा फार तर १:२ या प्रमाणापर्यंतच पोहोचतात.

इतिहास

साध्या वस्तूंकडे जवळून पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. अमेरिकन छायाचित्रकार पॉल स्ट्रँड याने १९१६ मध्ये स्वयंपाकघरातील वाडग्यांची अशी छायाचित्रे घेतली, की त्यांत वाडग्यांपेक्षा वक्ररेषा आणि सावल्याच आधी दिसतात. एडवर्ड वेस्टन याने १९३० मध्ये एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून तिचे छायाचित्र घेतले. नरसाळ्याच्या आतील पृष्ठभागावरून परावर्तित झालेल्या प्रकाशामुळे मिरचीला शिल्पासारखा उठाव आला. १:१ हे प्रमाण गाठणे हा या दोघांचाही हेतू नव्हता. ३५ मि.मी. कॅमेऱ्यांसाठी हाइन्झ किलफिट यांचे माक्रो-किलार हे भिंग १९५५ मध्ये आले आणि वेगळी जोडणी न लावता इतक्या जवळून छायाचित्र घेणे शक्य झाले.

तंत्र

वस्तू जवळ आली की स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड, झपाट्याने कमी होते. १:१ प्रमाणात एफ/८ ॲपर्चर ठेवल्यास ही खोली सुमारे १ मि.मी. उरते. शिवाय या प्रमाणात संवेदकापर्यंत नेहमीच्या एक-चतुर्थांश प्रकाश पोहोचतो, त्यामुळे एफ/८ चा परिणाम एफ/१६ सारखा होतो. ॲपर्चर आणखी लहान केल्यास खोली वाढते. परंतु विवर्तनामुळे संपूर्ण चित्रच मऊ पडते. या पेचातून सुटण्यासाठी केंद्रबिंदू थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घेतली जातात आणि त्यांतील स्पष्ट भाग संगणकावर एकत्र केले जातात. या पद्धतीला फोकस स्टॅकिंग म्हणतात. कीटकांच्या बाबतीत ती अवघड ठरते, कारण ते हलतात. मिठाचा खडा हलत नाही, ही घरगुती विषयांची मोठीच सोय होय. मात्र छताचा पंखा बंद ठेवावा लागतो आणि बटण दाबताना बसणारा धक्का टाळण्यासाठी टायमर वापरावा लागतो.

महागडे भिंग अनिवार्य नाही. ५० मि.मी. भिंगामागे ५० मि.मी. लांबीच्या एक्स्टेंशन ट्यूब लावल्यास १:१ प्रमाण मिळते. भिंग उलटे बसवणे हा त्याहूनही स्वस्त उपाय आहे. उलट्या भिंगाचे केंद्रांतर जितके कमी, तितके वर्धन अधिक. तथापि, या रीतीत भिंगाची मागची काच उघडी पडते आणि वस्तू इतकी जवळ येते की कॅमेऱ्याचीच सावली तिच्यावर पडते. प्रकाशासाठी खिडकी, तो पसरवण्यासाठी बटर पेपर आणि परत फेकण्यासाठी थर्माकोलचा पांढरा तुकडा एवढे साहित्य बहुतेक वेळा पुरते. स्टीलची भांडी याला अपवाद आहेत. त्यांत कॅमेऱ्यासह सारी खोली उमटते, म्हणून भांड्याभोवती पांढऱ्या कागदाचा आडोसा करतात.

विषय

मिठाचे कण चौकोनी घनाकृती असल्याचे सहज दिसते. मोहरीचा दाणा १:१ प्रमाणात ठिपक्याएवढाच उमटतो. त्याच्या टरफलावरील जाळीदार नक्षीसाठी अधिक वर्धन लागते. मोबाइलच्या पडद्यावरील पाण्याचा थेंब स्वतःच भिंगाचे काम करतो आणि त्याखालील लाल, हिरवे व निळे ठिपके वेगळे दिसू लागतात. भारतीय नाण्यांवर सालाखालील टांकसाळीचे चिन्ह पाहता येते: मुंबईच्या टांकसाळीसाठी चौकटीच्या पत्त्यावरील आकृती, हैदराबादसाठी तारा, नोएडासाठी ठिपका, कोलकात्याच्या नाण्यांवर चिन्ह नसते.

डोळ्यांना न दिसणारी धूळ या छायाचित्रांत ठळकपणे उमटते. ती हवेच्या फुग्याने किंवा मऊ ब्रशने काढतात. जुनी नाणी मात्र घासून चकचकीत करू नयेत. त्याने पृष्ठभागावर कायमचे ओरखडे उठतात आणि संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मोल घटते.