फिरत्या घराचीं चाकें

अमेरिकेंत उन्हाळ्याची सुटी लागली, म्हणजे हमरस्त्यांवर एक विशेष प्रकारचें वाहन दिसूं लागतें. पुढें मोटार आणि तिच्यामागें लोखंडी जोडानें अडकविलेलें एक लहानसें घर! त्यांत बिछाने असतात, चूल असते, पाण्याची टांकी असते, न्हाणीघरहि असतें. या घरास तिकडे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. वॉली बायम यांचा ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ हा ॲल्युमिनियमचा चकचकीत ट्रेलर १९३६ सालीं निघाला. त्या घराण्यांतील ट्रेलर आजहि तिकडील रस्त्यांवर धांवत असतात. घरांतील सुखसोयींकडे मालकाचें लक्ष असतें. परंतु घर ज्या चाकांवर उभें आहे, त्यांची आठवण त्यास बहुधा टायर फुटल्यावरच होते.

यांत सर्वस्वीं मालकाचाच दोष आहे, असें मात्र नाहीं. मोटारीच्या पुढच्या चाकांत बिघाड झाला, तर चालकाच्या हातांतील चक्र थरथरून त्यास तत्काळ सूचना देतें. ट्रेलरचीं चाकें त्याच्या पाठीमागें पंचवीस-तीस फुटांवर असतात. त्यांचें दुखणें त्याच्या हातांपर्यंत पोंचतच नाहीं. चाक वांकडें धांवत असलें, तरी मोटार तें मुकाट्यानें ओढीत राहते. टायर झिजतो, तापतो आणि अखेर भर वेगांत फाटतो. फाटलेल्या टायरचे पट्टे चाकाबरोबर गरगर फिरत ट्रेलरच्या तळास फटकारे मारतात. त्यांत विजेच्या तारा, आणि क्वचित् स्वयंपाकाच्या गॅसची नळीहि तुटते. मुलांबाळांसह प्रवासास निघालेल्या कुटुंबाच्या दृष्टीनें ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

सुदैवानें टायर अगदींच मुका नसतो. तो कोणत्या बाजूनें व कोणत्या तऱ्हेनें झिजला, यांत दुखण्याचें मूळ बहुतेक सांगितलेलें असतें. अडचण एवढीच कीं, तें ऐकून घेण्यापूर्वींच मालक टायर बदलतो, किंवा एका चाकाचा टायर दुसऱ्यास बसवितो. तेणेंकरून दुखणें बरें होत नाहीं. पुरावा मात्र नाहींसा होतो, आणि नवा टायरहि त्याच जागीं, त्याच रीतीनें झिजूं लागतो. म्हणून टायर काढण्यापूर्वीं प्रत्येकावर तो कोणत्या चाकाचा, त्याची आंतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती, हें खडूनें लिहून ठेवावें. शोधाचा हा पहिला नियम होय.

समजा, दोन आंसांचा आणि चार चाकांचा एक ट्रेलर आहे व त्याच्या एका टायरची आंतली कड गुळगुळीत झाली आहे. या टायरकडे पाहण्यापूर्वीं निरनिराळ्या झिजण्यांचा अर्थ समजून घेणें इष्ट. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, तर टायरमध्यें हवा कमी होती, किंवा भार जास्त होता. उलट मधलाच पट्टा झिजला, तर भाराच्या मानानें हवा अधिक होती. एकाच ठिकाणीं चपटा डाग पडला, तर ब्रेक लागून चाक घसटत गेलेलें असतें. सभोंवार वाट्यांसारखे खळगे पडले, तर चाकाचा तोल बिघडला असेल किंवा बेअरिंग ढिलें झालें असेल.

एका कडेच्या झिजण्याचा अर्थ लावणें अधिक नाजूक असतें, आणि तेथें डोळ्यांपेक्षां तळहात अधिक उपयोगी पडतो. टायरच्या नक्षीवरून हात आडवा, एकदां आंतून बाहेर व एकदां बाहेरून आंत, फिरवावा. दोन्ही वेळां तो सारखाच गुळगुळीत लागला व कड नुसती उतरती झालेली असली, तर चाक उभ्या रेषेंतून कललेलें आहे. यास कारागीर ‘कँबर’ म्हणतात. एका दिशेनें हात सहज सरकला आणि दुसऱ्या दिशेनें करवतीच्या दातांसारखे कंगोरे लागले, तर चाकाचें तोंड प्रवासाच्या दिशेशीं सरळ नाहीं. यास ‘टो’ म्हणतात. कँबरमध्यें चाक वरून खालीं तिरकें असतें, टोमध्यें पुढून मागें तिरकें असतें, एवढा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे.

हा तिरकेपणा डोळ्यांस दिसणार नाहीं इतका अल्प असला, तरी त्याचा परिणाम अल्प नसतो. चाकाचें तोंड केवळ एका अंशानें वळलेलें असेल, तर एक मैल पुढें जातांना तें सुमारें ९२ फूट आडवें घासलें जातें. हजार मैलांच्या सहलींत हें आडवें घासणें साडेसतरा मैलांच्या घरांत जातें! टायर एकाच उन्हाळ्यांत कसा संपतो, याचें उत्तर या साध्या त्रैराशिकांत आहे.

आतां आंसाची रचना पाहूं गेल्यास, पुष्कळ ट्रेलरांचा आंस म्हणजे एक पोलादी नळ असून त्याच्या दोन्ही टोकांस चाकांचे दांडे जोडलेले असतात. हा नळ बहुधा मध्यभागीं किंचित् वर उचललेला ठेवतात. घराचा भार पडला म्हणजे चाकें उभीं सरळ व्हावींत, हा त्यांतील हेतु. भार मर्यादेबाहेर गेला, तर नळ खालीं वांकतो, चाकांचे माथे आंत झुकतात आणि दोन्ही टायर आंतल्या कडेस झिजतात. एकाच चाकाची आंतली कड झिजली असेल, तर त्या टोकाचा दांडा वांकल्याचा संशय घ्यावा. रस्त्याच्या कडेच्या दगडी बांधावर किंवा खड्ड्यांत बसलेला एखादा आघात त्यास पुरेसा होतो. कधीं कधीं अपराध घरच्याच माणसाचा असतो: चाक बदलण्यासाठीं आंसाच्या नळाखालीं जॅक लावला, तर त्यानेंच नळ वांकतो. जॅकची जागा कारखान्यानें सांगितलेलीच असावी. ती बहुधा चौकटीखालीं असते.

तथापि आंसावर आरोप करण्यापूर्वीं स्वस्त परीक्षा आधीं कराव्या. पहिली हवेची. सकाळीं, टायर थंड असतां, ती मोजावी. ट्रेलरच्या विशेष टायरांवर कमाल भार लिहिलेला असतो. तो त्याच ठिकाणीं लिहिलेल्या हवेच्या दाबासच उचलतां येतो. दुसरी परीक्षा वजनाची. मालमोटारींच्या कांट्यावर ट्रेलरचें एकूण वजन कळतें, पण शक्य तर प्रत्येक चाकावरचा भार निराळा मोजून घ्यावा. अमेरिकन मापानें ४० गॅलन पाणी म्हणजे सुमारें ३३४ पौंड. टांकी, चूल आणि बर्फपेटी एकाच बाजूस असल्या, तर एकूण वजन मर्यादेंत असूनहि त्या बाजूचीं चाकें भारानें दबलेलीं असतात.

तिसरी परीक्षा सांध्यांची. चौकट भक्कम टेंकूंवर उचलून चाक वर व खालीं धरून हालवावें. तें खडखडलें, तर बेअरिंग तपासून पुन्हां बसविल्याशिवाय पुढील कोणतेंहि मोजमाप व्यर्थ होय. मग पोलादी पाट्यांच्या कमानी पाहाव्या. एखादा पाटा मोडलेला, खिळ्यांचीं भोंकें लांबट झालेलीं, किंवा आंस कमानीस आवळणाऱ्या पट्ट्या ढिल्या झालेल्या आढळल्या, तर आंस निर्दोष असूनहि आपल्या जागेवरून सरकलेला असूं शकतो. कांहीं ट्रेलरांत कमानी नसतात. तेथें चौकोनी नळांत चौकोनी दांडा व त्या दोहोंमध्यें रबराच्या कांड्या दाबून बसविलेल्या असतात. हें रबर वयानें ताठरतें, आणि तें नव्यानें भरतां येत नसल्यामुळें बहुधा सबंध आंसच बदलावा लागतो.

यानंतर मोजमाप. ट्रेलर भरलेल्या स्थितींत सपाट फरसबंदीवर आणून शेवटचे कांहीं फूट सरळ पुढें ओढावा. म्हणजे वळण घेतांना टायरांस बसलेला पीळ सुटतो. जोडाच्या मध्यापासून ओळंबा सोडून तेथून पुढच्या आंसाच्या दोन्ही टोकांपर्यंतचें अंतर मोजावें. दोहोंत साधारणपणें एक अष्टमांश इंचाहून अधिक फरक असतां कामा नये. मग पुढच्या व मागच्या आंसांमधलें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. येथें एक षोडशांश इंच हीच मर्यादा समजतात. बैलगाडीचा आंस तिरका बसला, तर गाडी जशी एका अंगास ओढ घेते, तसाच तिरक्या आंसाचा ट्रेलर मोटारीमागें किंचित् कडेनें चालतो. मग त्या आंसाच्या एका टायरची आंतली, तर दुसऱ्याची बाहेरची कड झिजते. टो पाहण्यासाठीं चाक उचलून फिरवीत टायरवर बारीक रेघ ओढावी, आणि चाक पुन्हां टेंकवून समोरासमोरच्या रेघांमधलें अंतर तुंब्याच्या उंचीवर पुढें व मागें मोजावें. कँबरसाठीं गुण्या किंवा ओळंबा पुरतो.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन आंसांचा ट्रेलर तोकड्या जागेंत वळवितांना चाकें आडवीं घसटणारच, कारण तीं वळणाऱ्या मोटारीच्या पुढच्या चाकांसारखीं वळत नाहींत. थोडें झिजणें त्या वळणांचें असतें. त्याचा बोल आंसास लावूं नये.

वर कल्पिलेल्या ट्रेलरकडे आतां परत वळतां येईल. हवा बरोबर, वजन मर्यादेंत, बेअरिंग घट्ट, दोन्ही मापें जुळतीं, आणि झिजलेली कड हातास गुळगुळीत. तर निदान ठरलें: त्या टोकाचा दांडा वांकला आहे, व तो अनुभवी कारखान्यानें पाहिलाच पाहिजे. पोलादी नळ दाबयंत्रानें थंड असतांनाच सरळ करतां येतो. तापवून वांकविणें म्हणजे त्याची ताकद घालविणें. दांड्यास तडा असेल, तर आंस बदलणें हाच उपाय.

नवा टायर बसविल्यावर पांचशें मैलांनीं नक्षीची खोली आंत, मध्यें व बाहेर अशी तीन ठिकाणीं मोजून वहींत लिहावी. तिन्ही आंकडे सारखे उतरले, तर दुरुस्ती साधली. नक्षी शिल्लक असली, तरी टायरचें वयहि पाहावें: २००० सालापासून तिकडील टायरांवर चार आंकड्यांची खूण असते, ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वापराविना उभ्या राहिलेल्या ट्रेलरचें रबरहि म्हातारें होतें. वहीचीं हीं दोन पानें भरण्यास अर्धा तासहि लागत नाहीं, आणि चालकाच्या हातांस जें कळत नाहीं, तें निघण्यापूर्वींच त्याच्या डोळ्यांस दिसतें.