पाठपोट पोस्टकार्ड

अपोलो बंदराच्या कार्डावर गेटवे ऑफ इंडिया दिसत नसेल, तर ते छायाचित्र १९२४च्या आधीचं. ताजमहाल हॉटेलही उभं नसेल, तर १९०३च्या आधीचं. रस्त्यात ट्राम आहे आणि तिला घोडे जुंपलेत, म्हणजे मुंबईत विजेची ट्राम अजून यायची आहे. ती आली १९०७ साली. चित्रकार्डं जमवणाऱ्याला हा हिशेब हळूहळू तोंडपाठ होतो, आणि मग तो कुठलंही कार्ड आधी असंच वाचतो.

पण हे झालं चित्राचं वय. कार्डाचं वय निराळं असू शकतं, कारण एकच फोटो प्रकाशक वर्षानुवर्षं छापत राहायचे. त्यासाठी कार्ड उलटावं लागतं. मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ नसेल आणि ती सगळी बाजू पत्त्यासाठीच राखलेली असेल, तर कार्ड शतकाच्या अगदी उंबरठ्यावरचं. पत्ता आणि मजकूर एकाच बाजूला शेजारी शेजारी लिहायची मुभा ब्रिटनने १९०२मध्ये दिली, फ्रान्सने १९०४मध्ये, जर्मनीने १९०५मध्ये आणि अमेरिकेने १९०७मध्ये. तोवर जे काही लिहायचं ते चित्राच्याच बाजूला, उरलेल्या पांढऱ्या पट्टीत. पट्टी संपली की लोक चित्रात शिरत. त्यामुळे त्या काळच्या कार्डांवर मलबार हिलच्या आभाळात कुणीतरी कुणाच्या तरी तब्येतीची चौकशी केलेली असते आणि समुद्रावर सही असते. तिसरं वय टपालाच्या शिक्क्याचं. शिक्का पुसट असला तर तिकिटावरचा राजा मदतीला येतो. सातवा एडवर्ड असेल तर १९०२नंतरचं, पाचवा जॉर्ज असेल तर १९११नंतरचं. ही तीन वयं कधी जुळतात, बऱ्याचदा जुळत नाहीत, आणि या छंदाची खरी गोडी त्या न जुळण्यातच आहे.

चित्राच्या आधी कार्ड आलं ते कोरं. १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या टपालखात्याने जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड विकायला काढलं. सूचना होती एमान्युएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची. लहानसहान निरोपासाठी कागद, लिफाफा आणि पत्राचा पूर्ण दर कशाला, एवढाच त्याचा मुद्दा होता. आपल्याकडे कार्ड आलं १ जुलै १८७९ रोजी, किंमत पाव आणा. मराठी घरात ते इतकं मुरलं की त्याचे स्वतःचे रीतिरिवाज तयार झाले. आलेली कार्डं भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवायची, म्हणून जुन्या घरगुती कार्डांना हटकून मधोमध भोक असतं. कुणी गेल्याची खबर देणारं कार्ड वाचलं की लगेच फाडायचं, ते घरात ठेवायचं नाही. त्यामुळे घराघरातला जन्म, मुंज, लग्न, भातपेरणी, कोर्टाची तारीख असं सगळं त्या तारेवर शिल्लक राहिलं, फक्त मृत्यू राहिले नाहीत.

चित्राचं कार्ड या तारेवर क्वचितच सापडतं. ते आपल्या शहरांत छापलं जायचं, आपल्या रस्त्यांचं असायचं, पण ते आपल्याला लिहिलेलं नसायचं.

युरोपात चित्रकार्डाचं वेड जर्मन भाषिक मुलखात १८९०च्या आसपास भडकलं. पॅरिसच्या १८८९च्या प्रदर्शनात आयफेल टॉवरचं चित्र असलेलं कार्ड टॉवरवरच विकत घेऊन पाठवता यायचं. ब्रिटनने खाजगी कार्डांना १८९४मध्ये परवानगी दिली. १९०८पर्यंत अमेरिकेत ही लाट अशी पसरली की नऊ कोटींहून कमी लोकवस्तीच्या त्या देशात वर्षाला सदुसष्ट कोटींवर पोस्टकार्डं टपालात पडली. तेव्हाच्या दिवाणखान्यात कार्डांचा अल्बम ही मिरवायची वस्तू होती.

मुंबई या खेळात लवकर उतरली, आणि चांगल्या हाताने उतरली. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. देवदेवतांच्या तसबिरींसाठी तो घराघरात ठाऊक आहे. पण त्याच शिळांवर, त्याच जर्मन यंत्रांवर चित्रकार्डंही छापली जात. पॉल गेरहार्ट या जर्मन चित्रकाराने त्या छापखान्यासाठी कार्डं चितारली. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते, आणि रंगावर रंग नेमका बसावा म्हणून कागद दर खेपेला त्याच खुणेवर यावा लागतो. तळहाताएवढ्या कार्डावर हे साधणं मोठ्या तसबिरीपेक्षा अवघड. रविवर्म्याच्या तसबिरींवर आपण एवढं बोलतो आणि या कार्डांवर जवळपास काहीच नाही, याचं मला वाईट वाटतं. तो छापखाना १९७२च्या आगीत भस्मसात झाला. त्यामुळे कागदावर जे बाहेर गेलं तेवढंच उरलं.

दुसरा हात महादेव विश्वनाथ धुरंधरांचा. कोल्हापूरला १८६७मध्ये जन्मलेला हा चित्रकार १८९०मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आला आणि तिथेच शिकवता शिकवता मोठा झाला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच तो हिशेब आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांची मुंबईच्या माणसांची चित्रं कार्डांवर आली. त्यात एक ठसकेबाज मोलकरीण आहे. तिची मान, तिचा चालतानाचा तोल, पदराखालून सुटलेली नजर, सगळं दोन-चार रेषांत. ही बाई धुरंधरांनी रस्त्यात पाहिली होती याबद्दल मला शंका नाही.

ही गोष्ट लक्षात येते ती शेजारी दुसऱ्या कंपन्यांची कार्डं ठेवल्यावर. मुंबईत फोटोटाइप कंपनी होती, क्लिफ्टन अँड कंपनीचा स्टुडिओ होता. लंडनहून राफाएल टक अँड सन्सची कार्डं यायची. या सगळ्यांच्या यादीत इमारतींच्या बरोबरीने ‘देशी नमुने’ असत: भिस्ती, धोबी, आया, न्हावी, गारुडी, हमाल. पाठीमागे स्टुडिओचा पडदा, हातात धंद्याचं हत्यार आणि खाली धंद्याचं नाव. माणसाचं नाव कुठेच नाही. पारशांच्या दखम्यांची कार्डं निघाली. सोनापूरच्या चिता पेटलेल्या दाखवणारी कार्डं निघाली आणि खपलीही. ती हाताळताना मन खट्टू होतं. तरी ती टाकून द्यावीत असं मी म्हणणार नाही. १९०५ सालच्या मुंबईतल्या हमालाचा अंगरखा कसा होता, पखालीला पट्टा कुठून बांधत, डोक्यावरचं चुंबळ केवढं असे, हे दुसरीकडे शोधून सापडणं कठीण आहे. त्याचा मान ठेवायचा तर मथळ्याखालचा धंदा वाचून न थांबता चेहऱ्याकडे पाहावं, एवढंच आपल्या हातात आहे.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नये. फोटो काळापांढराच असायचा. तो बहुधा जर्मनीला जायचा आणि तिथल्या छापखान्यात रंग चढायचे. ज्याने रंग लावले त्याने मुंबई पाहिलेली नसायची. म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनसचा दगड एका कार्डावर गुलाबी, दुसऱ्यावर लिंबाच्या सालीसारखा. १९१४मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मन छापखान्यांची वाट बंद झाली आणि कार्डांची छपाई एका झटक्यात उतरली. तारीख माहीत नसली तरी हा फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

छपाई ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. एका मापाच्या जाळीत बसलेले ठिपके दिसले तर हाफटोन. रंगाचे ओबडधोबड, विखुरलेले कण दिसले तर शिळाछाप. आणि ठिपके मुळीच नसून बारीक सुरकुत्यांसारखं पोत दिसलं, तर कोलोटाइप. या पद्धतीत काचेवर जिलेटिनचा थर चढवतात. उजेड जिथे जास्त पडेल तिथे तो कडक होतो आणि कडक भाग शाई धरतो. थर नाजूक असल्याने हजार-दोन हजार प्रतींत झिजून जातो. चांगल्या कोलोटाइप कार्डात राजाबाई टॉवरच्या सावलीतली माणसंही मोजता येतात.

आता मुख्य गोष्ट. मुंबईची ही कार्डं मुंबईत फारशी नाहीत. ती घेतली बोटीवरून उतरलेल्या प्रवाशांनी, पलटणीतल्या सोल्जरांनी, कंपन्यांतल्या गोऱ्या कारकुनांनी. एक आण्याचं तिकीट लावलं आणि दर आठवड्याला सुटणाऱ्या टपालाच्या बोटीने ती विलायतेला गेली. तिथे कुणाच्या आईने, बहिणीने ती अल्बमात खोचली आणि थंड, कोरड्या घरात ती शंभर वर्षं टिकली. आज काळबादेवीच्या रस्त्याचं १९०६चं कार्ड हवं असेल तर ते मटन स्ट्रीटच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळण्यापेक्षा इंग्लंडातल्या एखाद्या लिलावात मिळण्याची शक्यता अधिक. आपल्या शहराचं चित्र परक्या घराच्या माळ्यावरून परत विकत आणावं लागतं. याची आधी मला चीड यायची. आता वाटतं, ती पाठवली गेली म्हणूनच वाचली. इथे राहिली असती तर पावसाळ्यांनी आणि कसरीनं खाल्ली असती.

व्यापारी कोऱ्या कार्डाला बऱ्याचदा जास्त भाव सांगतात: कोपरे शाबूत, डाग नाही, शिक्का नाही. मला ते पटत नाही. कोरं कार्ड दुकानातून निघून थेट अल्बमात पडलेलं असतं. पोस्टातून गेलेल्या कार्डावर दोन गावांचे शिक्के असतात, तिकीट असतं, कुणाचं तरी अक्षर असतं. चर्चगेटच्या देखण्या चित्रामागे ‘उकाडा सहन होत नाही, मागच्या टपालात तुझं काहीच नव्हतं’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर ती इमारत निराळी दिसू लागते. पोस्टकार्ड ही वस्तूच अशी आहे की मालकाने हातातून सोडल्याशिवाय ती पुरी होत नाही.

म्हणूनच या छंदात जमवणं आणि देणं-घेणं कधी वेगळं काढता आलं नाही. शंभर वर्षांपूर्वी अनोळखी देशांतले संग्राहक एकमेकांना कार्डं धाडत. त्यांच्यात एक अटही चाले: तिकीट चित्राच्या बाजूला लावायचं, म्हणजे अल्बम उघडताच शिक्क्यासकट सगळं एका नजरेत दिसतं. त्या हौसेतूनच पुढे मॅक्सिमम कार्ड आलं. त्याचे नियम कडक आहेत: कार्डावरचं चित्र, तिकिटावरचा विषय आणि शिक्क्याचं ठिकाण या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. तिकीटसंग्राहक आजही नवं तिकीट निघालं की त्यासाठी जुन्या चित्रकार्डांच्या गठ्ठ्यांत बोटं घालून बसतात.

देवघेवीला नवं बळ दिलं पोर्तुगालच्या पाउलो मॅगाल्हाइस या तरुणाने. १४ जुलै २००५ रोजी त्याने ‘पोस्टक्रॉसिंग’ सुरू केलं. योजना साधी आहे. तुम्हाला चिठ्ठी टाकल्यासारखा एक अनोळखी पत्ता मिळतो आणि कार्डावर लिहायचा एक क्रमांक. भारताच्या क्रमांकाला सुरुवातीला ‘आयएन’ ही अक्षरं असतात. कार्ड पोचलं की घेणारा तो क्रमांक नोंदवतो. नोंद झाली की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाकडे जातो. ज्याला तुम्ही पाठवलं तो तुम्हाला पाठवत नाही, म्हणजे उपकाराची परतफेड करायची कुणावर सक्ती नाही. नगरहून निघालेलं कार्ड फिनलंडला पोचतं आणि त्याचं फळ म्हणून तैवानहून कार्ड येतं. वाटेत हरवलं तर हरवलं. पावसाळ्यात भिजून, शाई पसरून आलेलंही लोक जपून ठेवतात.

जपण्याचं आपल्याकडे जास्तच पाहावं लागतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर कपाट बंद ठेवलं की बुरशीचे तपकिरी ठिपके आलेच. कार्डं डिंकाने कधी चिकटवू नयेत. पाठ गेली की निम्मं कार्ड गेलं. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटांतून वर्षांनी चिकट वाफ सुटते, त्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीन बरं. आणि महिन्यातून एकदा अल्बम हाताळावा. कसरीला हलवाहलव आवडत नाही.

देवघेव करणाऱ्यांची इथली खरी अडचण वेगळीच आहे. ताजमहाल आणि गेटवेची कार्डं मिळतात, पण सांगोला, मेहकर, चिपळूण, उदगीर यांची मिळत नाहीत. पुण्याचं म्हटलं तरी शनिवारवाड्यापुढे फारसं काही जात नाही. बाहेरचा माणूस मागतो ते नेमकं हेच: तुमच्या गावचा बाजार, तुमची एसटी, तुमचा घाट. म्हणून पुष्कळजण आता स्वतःच फोटो काढून जाड कागदावर कार्डं छापून घेतात. आकार साधारण पंधरा बाय दहा सेंटिमीटर ठेवावा. खाली गाव, तालुका आणि साल छापायला विसरू नये. छपाईवाल्याला लॅमिनेशन फक्त चित्राच्या बाजूला करायला सांगावं. पाठ कोरी, खरखरीत हवी, नाहीतर शाई ओघळते आणि टपालाचा शिक्का धरत नाही.