चंक्रमण करा, निरोगी राहा

बाबासाहेबांना मधुमेहाने पोखरलं. 1956 साली, अवघ्या 65व्या वर्षी ते गेले. आज आपल्या वस्तीतही साखर-बीपीचे रुग्ण आहेत.

“दिवसभर राबतो, मग व्यायाम कशाला?” भगिनींनो, धुणीभांडी करताना कंबर मोडते, पण हृदयाला सलग, झपाझप चाल लागते. रोज 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग ठेवा.

तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. त्यांत निरोगी शरीर आणि चांगलं पचनही आहे. संध्याकाळी वंदनेनंतर चौघीजणी मिळून विहाराभोवती फेऱ्या मारा. साखरेचं औषध घेणाऱ्यांनी जवळ गूळ-साखर ठेवावी. गोळ्या बंद करू नका. छातीत दुखलं तर थांबा, लगेच दवाखाना गाठा.