लॅपटॉप मिळाला, पण पान वाचता आलं का?

माझ्या पीएचडीच्या पायलट अभ्यासातल्या प्रश्नावलीत चौथा प्रश्न असा होता : ‘शाळेकडून संगणक किंवा तत्सम साहाय्यक उपकरण मिळाले आहे काय? (हो / नाही)’. तालुक्याच्या एका शाळेत सातवीतली, पूर्ण अंध असलेली एक मुलगी समोर बसली होती. मी प्रश्न वाचून दाखवला, ती ‘हो’ म्हणाली, मी खूण केली. काम झालं.

खरं तर तिथेच थांबले असते. पण जेवणाच्या सुट्टीला वेळ होता, म्हणून सहज म्हटलं, ‘दाखव ना मला कसा वापरतेस ते.’ बाईंनी कपाटातून लॅपटॉप काढून दिला. तिने इयरफोनचं एक टोक स्वतःच्या कानात घातलं, दुसरं मला दिलं आणि इतिहासाच्या धड्याची पीडीएफ उघडली. आवाज सुरू झाला. त्यात एकही मराठी शब्द नव्हता. एच, के, जे, आर असली इंग्रजी अक्षरं धडाधड येत होती. ती हसून म्हणाली, ‘ताई, हा मराठीत माझ्याशी असंच बोलतो. इंग्रजीचा धडा मात्र नीट वाचतो.’

नंतर कळलं, बाईंचं तिच्याबद्दल मत होतं की ‘इंग्रजी बरं आहे, पण सामाजिक शास्त्रात वाचन कमी पडतं.’ आणि माझ्या तक्त्यात तीच मुलगी ‘हो’ या रकान्यात सुखाने बसलेली होती. आजचा लेख या रकान्याबद्दल आहे.

आधी ती अक्षरं कुठून आली ते बघू, कारण हे कळल्याशिवाय या विषयातलं पुढचं काही कळत नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, आपल्यासारखं अक्षरांचे आकार ‘बघत’ नाही. तो आकारामागे साठवलेला संकेत वाचतो. युनिकोडमध्ये ‘भ’ला स्वतःचा संकेत आहे, १९९१ पासून, म्हणजे युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, देवनागरी त्यात आहे. पण आपल्याकडचं डीटीपी त्याच्याशिवायच वाढलं. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये युक्ती अशी होती की संकेत इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि त्यावर चित्र देवनागरीचं बसवायचं. कृतिदेवमध्ये ‘भारत’ टाइप केलात तर आत साठतं एच-के-के-जे-आर. छापलं की उत्तम दिसतं. डोळस माणसाला फरक कळायचं काहीच कारण नाही. स्क्रीन रीडर मात्र प्रामाणिकपणे जे आत आहे ते वाचतो.

स्कॅन करून बनवलेल्या पीडीएफची गत आणखी वेगळी. तिथे आत अक्षरंच नसतात, नुसता फोटो असतो, त्यामुळे स्क्रीन रीडर गप्पच बसतो. अशा वेळी ओसीआर, म्हणजे फोटोतून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर लागतं. टेसरॅक्टसारखं मोफत ओसीआर मराठी ओळखतं, पण जोडाक्षरं आणि तक्ते आले की चुका तपासायला माणूस बसवावा लागतो. हा माणूस कोण, हे कुठल्याही योजनेच्या वाटप-यादीत लिहिलेलं नसतं.

फाइल युनिकोडमध्ये आली तरी आवाजाचा प्रश्न उरतो. बऱ्याच संगणकांवर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च आपण वेगळे उच्चारतो, हिंदी आवाज दोन्ही एकसारखेच म्हणतो, आणि ‘ळ’ची जी वाट लागते ती ऐकण्यासारखी असते. मुलांना याची सवय होते म्हणा. पण दुसरी-तिसरीच्या, भाषाच शिकत असलेल्या मुलाला ही सवय लावणं बरोबर का, याचं उत्तर मला अजून पटेल असं मिळालेलं नाही. माझा कल ब्रेलकडे आहे. नुसतं ऐकून ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, बोटाखाली कळतं.

आता अल्पदृष्टी. इथे नवे संशोधक हमखास घसरतात, मीही घसरले. अंध आणि अल्पदृष्टी ही एकाच रेषेवरची कमी-जास्त टोकं नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या नेमकी आहे : चांगल्या डोळ्याची दृष्टी, शक्य तितका उत्तम चष्मा लावूनही, ६/१८ पेक्षा जास्त नसणे, खाली ३/६० पर्यंत, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी, १० अंशांपर्यंत. म्हणजे एकाला सगळं धूसर दिसतं, दुसऱ्याला स्पष्ट दिसतं पण नळीतून पाहिल्यासारखं. दोघांच्या प्रमाणपत्रावर शब्द एकच. दोघांना भिंग-सॉफ्टवेअर देऊन ४ पट मोठं करा बरं. पडदा तेवढाच राहतो, त्यामुळे पानाचा फक्त सोळावा हिस्सा एका वेळी दिसतो. धूसर दिसणाऱ्याला याने मदत होईल. नळीतून पाहणाऱ्याचं मात्र नुकसानच, त्याला आधीच तुकडा दिसत होता, आता तुकड्याचा तुकडा. मराठीत आणखी गंमत म्हणजे अनुस्वार, रफार, वेलांटी रेषेच्या वर आणि उकार खाली. पडदा सरकवताना वरचा भाग कापला गेला की ‘मंद’चा ‘मद’ होतो.

म्हणून उपकरण देण्याआधी मूल प्रत्यक्षात काय, किती अंतरावरून, कुठल्या उजेडात वाचतं हे बघावं लागतं. पूर्ण वेगाने वाचता येईल असा लहानात लहान अक्षर-आकार शोधणं, हा या कामाचा एक चांगला पाया आहे. प्रमाणपत्रावरची टक्केवारी हे काम करत नाही.

मग वाटपाचं काय? कायदा स्पष्ट आहे. याच अधिनियमाच्या कलम १७ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व (किमान ४० टक्के) असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, इतर शैक्षणिक साहित्य आणि योग्य साहाय्यक उपकरणं मोफत द्यायची आहेत. या वाक्यात साहित्य आणि उपकरण शेजारी-शेजारी आहेत, हे लक्षात घ्या. प्रत्यक्षात मोजलं जातं फक्त उपकरण. पैशाची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केला, आणि तो आजही पूर्ण मोफत आहे. पुस्तक वाचनयोग्य रूपात आणायला परवानगीचीही आडकाठी नाही : २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात दिव्यांगांसाठी तशी मुभा दिली, आणि २०१४ मध्ये मराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश होता.

आता संशोधनाच्या पद्धतीकडे येते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तिथेच अडकलेले असणार.

या क्षेत्रात सगळे उद्धृत करतात तो एक अभ्यास बेट्सी फिलिप्स आणि हाँग्झिन झाओ यांचा, १९९३ चा. अमेरिकेतल्या २२७ दिव्यांग प्रौढांच्या उपकरणांपैकी २९.३ टक्के पूर्णपणे बाजूला पडली होती. कारणांत चार गोष्टी निघाल्या : निवडताना वापरणाऱ्याचं मत न घेणं, उपकरण सहज मिळणं, ते नीट न चालणं आणि गरजा बदलणं. यातलं ‘सहज मिळणं’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण विचार करा : जे उपकरण सहज हातात पडतं, त्याच्याबरोबर बहुतेकदा चाचणी, चर्चा, शिकवणं यातलं काहीच आलेलं नसतं. (हा अर्थ मी लावते आहे, अभ्यासाने तो सिद्ध केलेला नाही. असा फरक तुमच्या प्रबंधात नीट दाखवा, नाहीतर परीक्षक तिथेच धरतात.) आणि तो आकडा प्रौढांचा आहे, शाळकरी मुलांचा नाही. ‘सुमारे ३० टक्के उपकरणे वापरली जात नाहीत’ असं सरसकट वाक्य लिहू नका.

मी प्रश्न बदलला. ‘मिळालं का?’च्या जागी एक प्रसंग मोजते : शिक्षकांनी वर्गात ‘अमुक पान उघडा’ म्हटल्यापासून मुलाने त्या पानावरचं पहिलं वाक्य स्वतः वाचेपर्यंत किती वेळ जातो, आणि कुठे अडलं. फाइल नव्हती? फॉन्ट जुना होता? बॅटरी संपली? की फाइल बरोबर होती पण पुढच्या शीर्षकावर जायची कळच कुणी शिकवली नव्हती?

दुसरी अडचण संख्येची. एका तालुक्यात अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, वयं वेगळी, दृष्टी वेगळी. दोन गट करून टी-टेस्ट लावायचा मोह आवरा. त्याऐवजी एकल-विषय आराखडा वाचा. त्यातही उपाय द्यायचा, काढून घ्यायचा, पुन्हा द्यायचा हा प्रकार इथे चालत नाही. शिकलेलं कौशल्य परत घेता येत नाही, आणि पोराच्या हातातून यंत्र काढून घेणं हे नैतिकदृष्ट्याही बसत नाही. मी बहु-आधाररेषा आराखडा घेतला आहे : तिघांच्या नोंदी एकदमच सुरू करायच्या, पण युनिकोड फाइल आणि प्रशिक्षण तिघांना वेगवेगळ्या आठवड्यांत द्यायचं. प्रत्येकाचा वेळ त्याची पाळी आल्यावरच कमी झाला, तर बदल त्या उपायाने झाला असं म्हणायला जागा राहते. तिसऱ्याला थांबावं लागतं, हा यातला काटा आहे. म्हणून हे अंतर मार्गदर्शकांनी सुचवलं त्याहून कमी ठेवलं आहे. आधाररेषेत नोंदी कमी मिळतील ते चालेल.

आणखी एक कबुली. पायलटच्या वेळी त्या मुलीसाठी मी संमतीपत्र नेलं होतं, ते छापील. आईने सही केली, तिने अंगठा दिला. तिला ते वाचता येणार नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यावेळी तेच संमतीपत्र ब्रेलमध्ये आणि युनिकोड फाइलमध्ये नेलं. तिने लॅपटॉपवर सगळं ऐकलं, मग विचारलं, ‘तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय मी कधीही नाही म्हणू शकते. मग शनिवारी नको. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि नंतर मला गाण्याचा क्लास आहे.’

शनिवार काढून टाकला आहे.