‘हायब्रिड थिअरी’ कशावर टिकला?

लिंकिन पार्क या बँडचा ‘हायब्रिड थिअरी’ हा अल्बम २४ ऑक्टोबर २००० रोजी आला. त्या साली जन्मलेली पोरं आता कमावती झाली, तरी अल्बम ऐकला जातोच आहे. याचं श्रेय बहुतेक जण चेस्टर बेनिंग्टनच्या आर्त आवाजाला देतात. तो आवाज थोरच. पण जीव तोडून ओरडणारे न्यू-मेटलचे कितीतरी अल्बम तेव्हा निघाले आणि विरून गेले. ड्रम वाजवणाऱ्याच्या कानाने ऐकलं, तर खरी ताकद ड्रमर रॉब बोर्डनच्या आवरलेल्या हातात सापडते. ‘इन द एंड’ घ्या. पियानोचे मोजके सूर येतात, मग माइक शिनोडाचं रॅप. खाली ठेका एकसारखा चालतो आणि एकही शब्द झाकत नाही. ध्रुवपदाला गिटारसोबत झांजा मोकळ्या होतात, तेव्हा सगळं गाणं एकदम रुंदावतं. नरडाणा-शिंदखेडा भागात वरातीपुढे वाजवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. सगळा जोर सुरुवातीलाच लावला, तर मांडवापर्यंत पोरं नाचणार कशी?

‘यात अवघड काय?’ असं ड्रम शिकणारी मुलं विचारतात. हाताला अवघड फारसं नाही, हे कबूल. पण बारा गाण्यांपैकी एकही चार मिनिटांचं नाही. एवढ्या जागेत रॅपकडून गाण्याकडे सूत्रं जाताना एक जास्तीची तिहाईसुद्धा खटकली असती. दुसरा आक्षेप वजनदार आहे: हा माल स्टुडिओत घडवलेला. खरंच आहे. ‘पॉइंट्स ऑफ ऑथॉरिटी’त ब्रॅड डेल्सनची गिटार शिनोडाने संगणकावर कापून नव्याने जुळवली आणि डेल्सनला स्वतःचंच वादन पुन्हा शिकावं लागलं. पण यंत्राचा ठेका हलत नाही. त्याच्या शेजारी माणसाचा ड्रम जरा घसरला तरी उघडा पडतो. बोर्डनचा पडत नाही, आणि वर त्याच्या स्नेअरला माणसाच्या हाताचं वजन आहे.

उरला आठवणींचा मुद्दा. बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला, त्या हळहळीमुळे लोक ऐकतात, असं म्हणतात. पण अमेरिकेत हा अल्बम तो हयात असताना, २००५ सालीच एक कोटीचा टप्पा ओलांडून गेला होता. २०२४ मध्ये बँड परतला तो गायिका एमिली आर्मस्ट्राँगला घेऊन. ड्रमवरही बोर्डन नव्हता, कॉलिन ब्रिटन होता. तरी ही गाणी वाजवताना ब्रिटनला बोर्डनने आखलेल्या जागांवरूनच जावं लागतं, कारण रॅपने कुठे थांबायचं आणि गाण्याने कुठे उसळायचं हे त्या जागाच ठरवतात.