सरव्यावरचा संसार

पहाटे ५.००

ह्यांचा दिवस माझ्या आधी उजाडतो. खोलीतला दिवा लावला तर मुलं उठतात, म्हणून हे जिन्यातल्या दिव्याखाली पायरीवर बसून ग्रीकची उजळणी करतात. शिरवळच्या कंपनीत मेंटेनन्सला होते तेव्हा ह्याच वेळी पहिल्या पाळीसाठी उत्रोलीहून निघायचे. आता हातात पान्याऐवजी वही. लुओ, लुएइस, लुएइ, अशी क्रियापदाची रूपं पाढ्यांसारखी म्हणतात. तिशी ओलांडल्यावर नवी अक्षरं गिरवायची म्हणजे डोक्याला फार ताण, पण नवा करार मूळ भाषेतून वाचायचा ही ह्यांची जुनी इच्छा. मी कणीक मळताना ती रूपं कानावर पडत राहतात आणि धाकट्यालाही ती पाठ झाली आहेत. अर्थ त्याला ठाऊक नाही, ताल ठाऊक आहे.

भोरजवळचं उत्रोली सोडून आम्ही इथं बिबवेवाडीला आलो ते ह्यांच्या शिक्षणासाठी. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला आली. म्हणजे बिऱ्हाड हलवणं ह्या संस्थेनंही पाहिलेलं आहे. इथं देशभरातली कुटुंबं राहतात. आमच्या जिन्यात मिझोरामचं एक, ओडिशाचं एक आणि आंध्रचं एक. बायका बायका मोडक्या हिंदीत बोलतो आणि आमचं काही अडत नाही.

सकाळी ६.३०

घरची उपासना. चौघं चटईवर. एक स्तोत्र, एक गीत, मग प्रत्येकाची प्रार्थना. उत्रोलीला ही वेळ सासऱ्यांची होती. ते म्हणायचे आणि आम्ही 'आमेन' म्हणायचो. इथं आल्यावर पहिले काही महिने हे पुस्तकांत बुडालेले, मी सामान लावण्यात, आणि आमची उपासना मागं पडली. देवाच्या सेवेची तयारी करायला घर सोडून आलो आणि घरातलीच प्रार्थना सुटली, हे मला रात्री झोपू देईना. शेवटी मुलीनंच एकदा विचारलं, "इथं आपण देवाशी बोलायचं नाही का?" दुसऱ्या दिवसापासून चटई अंथरली ती आजवर.

आज मुलीनं इंग्रजीच्या चाचणीसाठी प्रार्थना केली. धाकट्यानं उत्रोलीच्या म्हशीसाठी, मग पावसासाठी, मग पुन्हा म्हशीसाठी.

सकाळी ९.३०

मुलं शाळेत आणि बालवाडीत, हे वर्गात. मी मशीन उघडते. फॉल-पिको, ब्लाउज, परकर शिवते. आजूबाजूच्या सोसायट्यांतून काम येतं आणि त्यातून भाजी-दुधाचा खर्च निघतो. बाकीचं कसं चालतं, हे मला इथं मोकळेपणानं सांगायचं आहे, कारण सेमिनरीत जाणाऱ्या माणसाच्या श्रद्धेबद्दल पुष्कळ बोललं जातं आणि त्याच्या घरच्या डब्याबद्दल कुणी बोलत नाही.

पगार थांबला. अभ्यासक्रम वर्षानुवर्षांचा. भोरची आमची मंडळी लहान आहे. शेतमजुरी करणारे, रिक्षा चालवणारे, एक-दोन शिक्षक. ते दर महिन्याला एक पाकीट पाठवतात. काल आलेलं पाकीट मी आज मशीनवर उघडलं. दहाच्या, वीसच्या, पन्नासच्या नोटा. एक नोट चार घड्या घालून सुपारीएवढी केलेली, बहुतेक कुणाच्या तरी कंबरेच्या पिशवीतली. तिला हळदीचा डाग होता. मी ती उलगडून कापडाखाली ठेवली आणि इस्त्री फिरवली. कुणाची ते पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि आम्ही विचारतही नाही. तांदूळ उत्रोलीहून येतो. इंद्रायणीचं पोतं दीर स्वतः एसटीत घालून देतात. मुलीचा गणवेश एका सकाळी दाराच्या कडीला पिशवीत अडकवलेला मिळाला. धुतलेला, बटणं नवी लावलेली. कुणी ठेवला ते अजून कळलेलं नाही.

हे सगळं घेताना माझा हात आखडायचा. माझ्या माहेरी, राहुरीकडं, वडील म्हणायचे की कुणाचं मिंधं होऊ नये. शिरवळचा पगार असताना आम्ही देणाऱ्यांतले होतो. आता दर महिन्याला घ्यायचं. प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर' मागणं सोपं असतं. ती भाकर शेजारणीच्या ताटातून येते तेव्हा ती देवानंच दिली असं मनापासून म्हणायला मला बराच काळ लागला.

ह्यात मला मदत झाली ती समोरच्या मिझो ताईची. स्वयंपाकाला तांदूळ काढताना ती आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकते. बुहफाइ थाम म्हणतात त्याला. मिझोरामच्या मंडळ्यांतल्या बायका शंभराहून अधिक वर्षं असं करत आल्या आहेत. प्रत्येक वेळच्या शिजवण्यातली एक मूठ चर्चसाठी. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि त्यातून सेवकाईचं काम चालतं. डोंगरातल्या गरीब घरांनी नुसत्या मुठीमुठीनं हे उभं केलं. ताई म्हणाली, "मेरे पति की फीस में भी वही चावल है." तिनं ते इतकं सरळ सांगितलं की मला माझ्या पाकिटाची लाज वाटेनाशी झाली.

दुपारी १.१५

हे जेवायला घरी येतात. वरण-भात, घेवड्याची भाजी, लसणाची चटणी. आज हातात टाइप केलेले कागद होते. पुढच्या आठवड्यात वर्गात संदेश द्यायचा आहे, विषय रूथचं पुस्तक, अध्याय दुसरा. वर्गात इंग्रजीतूनच बोलायचं असतं. आमचा नेम असा की कुठलाही धडा, कुठलाही संदेश आधी मला मराठीत सांगायचा. उत्रोलीच्या ओसरीवर आत्यांना सांगतोय असं समजून सांगायचं. सासूबाईंना मी आत्याच म्हणते. जे तिथं सांगता येत नाही ते अजून शिकून झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे आणि हे ते मानतात.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी त्यांच्यापुढं नेहमी ठेवते. संस्कृतात नाव झालेली बाई, उतारवयात ग्रीक-हिब्रू शिकत बसली ती कशासाठी? केडगावच्या मुक्तिसदनातल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणायचं म्हणून. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तोवर कित्येक वर्षं हेच काम चाललं होतं आणि छपाईही तिथल्या बायकांच्या हातची. मूळ भाषा शिकायची ती अशी, खाली बसलेल्या बाईपर्यंत पोचण्यासाठी.

रूथची गोष्ट मला पाठ आहे. दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख आणि नामी मुलांना घेऊन बेथलेहेमहून मवाबात गेले. तिथं नवरा गेला, दोन्ही मुलं गेली. नामी परत निघाली तेव्हा सून रूथ तिला सोडायला तयार होईना. बेथलेहेमात ह्या दोघी बायका पोहोचल्या त्या सातूच्या कापणीच्या वेळी. रूथ बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागं सरवा वेचायला गेली. ह्यांच्या कागदात तीन मुद्दे होते: नियमशास्त्र, बवाजाचा उदारपणा, रूथची निष्ठा. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, पडलेलं उचलायचं नाही, ते गरिबांचं आणि परक्यांचं, हा लेवीयातला नियम नीट समजावला होता. सगळं बरोबर होतं. तरी ऐकताना मला शेत दिसेना.

"काय कमी आहे?" ह्यांनी विचारलं.

"मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "आज उत्रोलीला चाललोच आहोत, आत्यांना सांगा."

दुपारी ४.००

शनिवारी ह्यांना वर्ग नाही आणि घरी भाताची लावणी सुरू आहे. मुलांना शाळेतून आणलं, पिशव्या भरल्या. पीएमपीनं स्वारगेट, तिथून भोरची एसटी. पावसानं गाडी कात्रजपासूनच सावकाश. खेड शिवापूरला मुलगी झोपली, कापूरहोळला गाडी महामार्ग सोडून वळली की जागी झाली. दोन्ही अंगांना चिखलणी केलेली खाचरं आणि त्यात प्लास्टिकच्या खोळी पांघरून वाकलेल्या बायकांच्या रांगा. ह्यांनी कागद बाहेर काढले होते, ते पुन्हा पिशवीत ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

संध्याकाळी ७.३०

भोरच्या स्टँडवर दीर मोटारसायकल घेऊन उभे. आधी मी आणि मुलं, मग दुसऱ्या फेरीत हे आणि सामान. घरात गेल्या गेल्या धाकटा गोठ्यात पळाला. जावेनं चुलीवर भाकऱ्या टाकल्या होत्या. दिवसभर तरवा उपटून तिची बोटं पांढरी पडली होती. मी तिच्या हातातून काथवट घेतली. आम्ही दोघं पुण्यात आणि ते दोघं शेतात, असं नाही बरं का, तिच्या वाट्याला माझंही काम आलं आहे. ह्यांचं शिक्षण ती चिखलात उभी राहून करते आहे. हे मी तिला बोलून दाखवलं तर ती म्हणते, "काय बोलता ताई, भाकरी फिरवा, करपतीये."

रात्री ९.००

जेवणं झाली, उपासना झाली, सासरे झोपायला गेले. हे आत्यांजवळ ओसरीवर बसले आणि रूथची गोष्ट सांगू लागले. पहिले दोन मुद्दे आत्यांनी शांतपणे ऐकले. तिसऱ्याला हात वर केला.

"तू सरवा वेचलायस का कधी?"

"नाही."

"मी वेचलाय. आईबरोबर. आमची जमीन नव्हती." हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आत्या सांगत गेल्या. कापणी झाली, भारे खळ्यावर गेले की मागं राहिलेल्या लोंब्या वेचायच्या. सकाळी दव असताना जायचं, कारण ऊन चढलं की लोंबी ठिसूळ होते आणि दाणे मातीत सांडतात. ओटा बांधायचा, त्यात लोंब्या टाकायच्या. घरी आणून बडवायच्या, पाखडायच्या. दिवसभराच्या वेचणीचं एक वेळचं जेवण. "पण खरी गोष्ट वेगळीच," आत्या म्हणाल्या. "काही मालक हाक मारून द्यायचे. ये गं, घे गं, सगळ्यांदेखत. पोट भरायचं, पण आई घरी येऊन बोलायची नाही. आणि एक म्हातारा होता. त्याचे गडी भारा बांधताना मुद्दाम ढिला बांधायचे. आम्हाला वाटायचं ह्यांना बांधता येत नाही. मोठी झाल्यावर कळलं."

हे गप्प झाले. मग पिशवीतून पुस्तक काढून त्यांनी तो भाग पुन्हा वाचला. तिथं तेच आहे. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम ओढून टाका आणि तिला टाकून बोलू नका. आम्ही दोघांनीही हे कित्येकदा वाचलेलं. बवाजानं तिच्या हातात आणून दिलं असतं तरी चाललं असतं, तो मालकच होता. पण त्यानं असं केलं की संध्याकाळी रूथ आपल्या कष्टाचं धान्य घेऊन सासूसमोर उभी राहिली. एफाभर सातू. नामीनं विचारलं ते हेच की आज कुठं वेचलंस.

माझ्या डोळ्यांपुढं कडीला अडकवलेला गणवेश आला. चार घड्यांची नोट आली. भोरच्या मंडळीतल्या कुणालाही पाकिटावर नाव लिहिता आलं असतं. देव पुरवतो असं आम्ही म्हणतो, आणि तो पुरवतोच, पण भारा ढिला बांधणारे हात माणसांचे असतात. त्या हातांना आपला उपकार दिसू द्यायचा नसतो. हे मी ह्यांना म्हणाले. ह्यांनी कंदिलाजवळ कागद धरला, कारण वीज गेली होती, आणि तिन्ही मुद्द्यांवर आडवी रेघ मारली.

"आता इंग्रजीत हे कसं सांगू?" हे म्हणाले. "ढिला भारा."

"इंग्रजीचं तू बघ," आत्या म्हणाल्या. "वर्गात सांगायच्या आधी परवा इथं मंडळीत सांग. त्यांनी तुला पाठवलंय, पहिलं त्यांना ऐकू दे."

"परवा दुपारच्या गाडीनं निघायचंय आई."

"उपासना सकाळी असते. पाळकांना आज रात्रीच फोन कर, अजून झोपले नसतील. आणि म्हाताऱ्याचं नाव घेऊ नकोस, त्याची नातवंडं बसलेली असतात समोर." मग माझ्याकडं वळून, "उद्या बाहेरच्या बायका आहेत गं लावणीला. पीठ बघ पुरतंय का."

मी डबा उघडून पाहिलं. पुरणार नव्हतं. जावेनं शेजारून एक पायली ज्वारीचं पीठ आणलं आणि हे ओसरीच्या टोकाला जाऊन, जिथं रेंज येते तिथं उभे राहून, पाळकांना फोन लावू लागले.