जुन्या जीपला कोणता क्राऊन-पिनियन घालावा?

आज बी-बियाणे आणि फवारणीचा विषय बाजूला ठेवून जीपविषयी बोलू. गावोगावी जुन्या जीपा अजून टिकून आहेत. कुणाच्या वाडवडिलांनी घेतलेल्या, कुणी पूर्वी सरकारी लिलावात घेतलेल्या. (१ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढे चालत नाही. त्यामुळे चालू स्थितीतली सरकारी जीप लिलावात स्वस्तात मिळेल या आशेवर राहू नका.) या जीपांच्या मालकांची तक्रार मात्र सगळीकडे एकच. "साहेब, गाडी साठच्या वर गेली की इंजिन बोंबलतंय. फिटर म्हणतो क्राऊन-पिनियन बदला. बदलू का?"

आमचे उत्तर असे की आधी हिशेब करा, मग पाना हातात घ्या. हिशेब अवघड नाही, चौथीतल्या भागाकारावर भागतो.

इंजिनाचे फेरे दोन ठिकाणी कमी होतात. एकदा गिअरबॉक्समध्ये आणि दुसऱ्यांदा मागच्या एक्सलच्या गोळ्यात, म्हणजे क्राऊन-पिनियनमध्ये. टॉप गिअरला गिअरबॉक्स काहीच कमी करत नाही, एकास एक देतो. मग उरतो फक्त क्राऊन-पिनियन. जीपमध्ये सर्वात जास्त दिसणारी जोडी आहे ४३ दातांचा क्राऊन आणि ८ दातांचा पिनियन. ४३ ला ८ ने भागा, ५.३८ येतात. म्हणजे प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो तेव्हा चाक एकदा फिरते. ३९ आणि ८ दातांची जोडी असेल तर ४.८८. ४७ आणि ११ असेल तर ४.२७. आकडा मोठा तेवढी ओढ जास्त, आकडा लहान तेवढा रस्त्यावर वेग जास्त. बैलजोडी आणि शर्यतीचा घोडा यांत जो फरक, तोच समजा.

हे आकडे कुठून आले ते थोडे सांगतो, कारण त्यात शेतकऱ्याचाही संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप १९४१ ते १९४५ या काळात निघाली. तिच्या एक्सलला ४.८८ होते आणि लो गिअरचा आकडा १.९७ होता. लढाई संपली, फौजेची मागणी संपली. तेव्हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या टोलेडो गावच्या विलीज-ओव्हरलँड कंपनीने १९४५ मध्ये नागरी जीप काढली, सीजे-२ए. ती शेतकऱ्याला विकायची होती. नांगर ओढायचा, मागच्या शाफ्टवर यंत्र चालवायचे, ट्रेलर ओढायचा, अशी कल्पना. मग कंपनीने एक्सल ५.३८ केला आणि लो गिअर २.४३ केला. पहिला गिअरही थोडा मोठा झाला, २.६७ चा २.८०. आता गुणाकार बघा. फौजी जीप पहिल्या लो गिअरला २५.६ पट फेरे कमी करायची, शेतकऱ्याची जीप ३६.५ पट. म्हणजे इंजिन १००० फेऱ्यांवर असताना फौजी जीप ताशी ५ किलोमीटरवर चालायची आणि शेतकऱ्याची ३.६ वर. इंजिन आणखी हळू ठेवले तर थेट बैलाच्या चालीला येते. आपल्याकडे महिंद्राने विलीजच्या परवान्याने सीजे-३बी जीप बनवली, ती याच घराण्यातली. म्हणून आपल्या जुन्या जीपांत ५.३८ इतका दिसतो. ती चूक नव्हे, तो शेतासाठीच ठेवलेला आहे.

पुढे जीप ट्रॅक्टरची जागा घेऊ शकली नाही, ही गोष्ट वेगळी. तिचे वजन हजार-अकराशे किलोच्या आसपास. नांगर जमिनीत रुतला की चाके गरगर फिरतात. इंजिनात ताकद असते, पण मातीवर पकड कुठून आणणार? चिखलणीला जीप घालणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

आता वेगाचा हिशेब. आधी आपल्या चाकाचा घेर मोजा. ६.०० बाय १६ चे टायर असेल तर एका फेऱ्याला गाडी साधारण २.२ मीटर जाते. पण कागदावर विश्वास ठेवू नका. टायरला आणि जमिनीवर खडूने खूण करा, नेहमीचा भार गाडीत घाला, हवा बरोबर भरा, सपाट जागी गाडी ढकलून चाकाचे दहा फेरे मोजा आणि टेपने अंतर घ्या. दहाने भागले की खरा घेर मिळाला. २.२ मीटर धरून टॉप गिअरला इंजिनाच्या १००० फेऱ्यांमागे ५.३८ वर ताशी २४.५ किलोमीटर मिळतात, ४.८८ वर २७ आणि ४.२७ वर जवळपास ३१. म्हणजे ताशी ८० किलोमीटरला ५.३८ वर इंजिन ३२५० च्या वर फिरते. ४.२७ वर २५९० लागतात. एवढ्या फरकाने इंजिनाचा आवाज, कंप आणि डिझेल तिन्ही बदलतात.

खरी मेख इथेच आहे. विलीजच्या पेट्रोल इंजिनची पूर्ण ताकद ४००० फेऱ्यांना मिळते, म्हणजे ५.३८ वर ताशी ९८ पर्यंत हिशेबाने वाव होता. पण आपल्याकडच्या बऱ्याच जीपांत पुढे डिझेल इंजिन आले. काहींत तर ट्रॅक्टरच्या घराण्यातले, जे कमी फेऱ्यांवर जोर देते आणि पुढे गव्हर्नर रोखतो. समजा तुमचे इंजिन २२०० फेऱ्यांवर अडते, तर ५.३८ वर तुमची जीप ताशी ५४ च्या पुढे जाणारच नाही, कितीही पाय दाबा. ४.२७ वर तीच जीप ६८ जाईल. इथे क्राऊन-पिनियन बदलणे शहाणपणाचे आहे. पेट्रोल इंजिन असेल आणि गाडी शेत, मळा, बाजार एवढेच करत असेल, तर बदलू नका, पैसे विहिरीच्या पंपाला लावा.

माझे स्वतःचे मत विचाराल तर असे. डोंगरपट्ट्यातला, घाटवाटेने भाजी खाली आणणारा शेतकरी असेल तर ५.३८ राहू द्यावा. तालुक्याला रोज जाणारा, डांबरी रस्त्यावर ट्रेलर न जोडणारा आणि डिझेल इंजिनवाला असेल तर ४.२७ घ्यावा. मधले म्हणून ४.८८ चांगला, पण ५.३८ चा ४.८८ करून वेगात फक्त दहा टक्के फरक पडतो. तेवढ्यासाठी दोन्ही एक्सल खोलण्याचा खर्च मला तरी पटत नाही. दुसऱ्या बाजूने बघा, ५.३८ वरून ४.२७ केला की चाकावरची ओढ वीस टक्क्यांनी घटते. पहिला लो गिअर ३.६ ऐवजी साडेचार किलोमीटरला येतो. चढाला भरलेली गाडी उभी राहिली तर पुन्हा उचलताना क्लच जळतो, हे त्यातूनच.

गाडीत कोणती जोडी आहे हे विक्रेत्याच्या सांगण्यावर जाऊ नका. जॅक लावून मागची दोन्ही चाके उचला, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलला ठेवा. शाफ्टवर खडूची रेघ मारा. दोन्ही चाके सारखी एक फेरा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पाच पुरे होऊन वर थोडे आले तर ५.३८, पाचाला थोडे कमी पडले तर ४.८८, सव्वाचार आले तर ४.२७. एकच चाक उचलले असेल तर ते दोन फेरे फिरवा, तेव्हा बरोबर उत्तर येते. मग हाच खेळ पुढच्या एक्सलवर करा. हे टाळू नका.

कारण फोर-व्हील जीपमध्ये पुढचा आणि मागचा आकडा एकच असावा लागतो. पैसे वाचवायला फक्त मागचा बदलायचा आणि पुढचा तसाच ठेवायचा, हा उद्योग गावात सर्रास होतो. हिशेब बघा. मागे ४.२७ आणि पुढे ५.३८ असेल, तर मागची चाके शंभर मीटर गेली तेवढ्यात पुढची चाके जेमतेम ऐंशी मीटर गेली पाहिजेत असे गिअर सांगतो. गाडी तर एकच आहे. मग कुठेतरी काहीतरी घासते, ताणते आणि मोडते. चिखलात थोडे घसरून निभावते, कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील टाकली की आधी टायर घासतात, मग शाफ्टचा क्रॉस तुटतो, नाहीतर ट्रान्स्फर केसचे दात जातात. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने असाच मागचा एक्सल बदलून घेतला आणि पावसाळ्यात ओढ्याच्या चढाला फोर-व्हील टाकली. क्रॉस तुटून शाफ्ट खाली लोंबकळला. सुदैवाने गाडी चिखलातच रुतून उभी राहिली. दुरुस्तीचा खर्च दोन्ही एक्सलच्या सेटपेक्षा जास्त झाला. पुढच्या एक्सलला हात लावायचाच नसेल तर फोर-व्हीलचा दांडा कायमचा बांधून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना तसे सांगा.

जोडी घेताना क्राऊन आणि पिनियन एकाच सेटचे घ्या. ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. एका गाडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन घातला की शंभर किलोमीटरात कुई-कुई सुरू होते आणि हजारात दात उडतात. बसवताना फिटरने दातांना रंग लावून दात दातावर कुठे टेकतात ते बघितले पाहिजे आणि शिम घालून ढिलाई जुळवली पाहिजे. "अंदाजाने बसवलंय, चालतंय" म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नका. तेल एक्सलच्या हायपॉइड गिअरचे, ९० नंबरचेच. ३.७३ चा सेट कुणी सुचवला, तर आतला डिफरन्शियलचा डबा बदलावा लागेल का ते आधी विचारा, कारण तिथे खर्च अचानक दुप्पट होतो.

आणखी एक वाट आहे, आणि माझ्या मते बऱ्याच जणांना ती जास्त फायद्याची. एक्सलला हात न लावता पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवायचा. त्याचा पाचवा गिअर समजा ०.८ चा असला तर ५.३८ ला ०.८ ने गुणा, ४.३ येतात. म्हणजे रस्त्यावर ४.२७ चा सगळा फायदा, आणि शेतात पुन्हा ५.३८ ची सगळी ओढ. पुढचा-मागचा एक्सल जुळवण्याची कटकट नाही. मात्र गिअरबॉक्स लांब असेल तर प्रोपेलर शाफ्ट कापून जुळवावे लागतात, क्लचचे बसणे बघावे लागते आणि दांड्याची जागा बदलते. काम जाणकाराकडेच द्यावे. पाचव्या गिअरचा आकडा घेताना विचारून घ्या, सगळ्यांचा सारखा नसतो.

काहीजण सरळ मोठे टायर घालतात. ७.०० बाय १६ ने घेर साधारण सात टक्के वाढतो, म्हणजे ५.३८ हा ५ सारखा वागू लागतो. सर्वात स्वस्त उपाय हाच. पण स्टिअरिंग जड होते, वळणात टायर चासीला लागतो का बघावे लागते, आणि ब्रेक तेवढेच राहून चाक जड होते.

ब्रेकचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक. वेग वाढवायचा हिशेब केला पण ब्रेकचे पाइप, सिलिंडर आणि लायनर बघितले नाहीत, तर हिशेब अर्धाच झाला. ४.२७ घातल्यावर उताराला इंजिनाची रोखही कमी होते. पूर्वी टॉपवर उतरत होता तिथे आता एक गिअर खाली टाकूनच उतरा, घाटात न्यूट्रल करून तर कधीच नाही.

कागदांचेही बघा. इंजिन बदलले असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी आणि आरसी बुकात नोंद हवी. १५ वर्षांनंतर खाजगी गाडीचे पुनर्नोंदणीचे काम येते, तेव्हा इंजिन नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच अडकते. जुनी जीप विकत घेताना क्राऊन-पिनियन मोजण्याआधी इंजिन नंबर आणि आरसी शेजारी ठेवून बघा.

सेट बसवल्यावर पहिले पाचशे किलोमीटर भार घालू नका, मग एक्सलचे तेल काढून बघा. बारीक चकाकी असली तर हरकत नाही, कणसर लोखंड निघाले तर परत फिटरकडे जा. आणि मीटरकडे लक्ष द्या. जीपच्या स्पीडोमीटरची तार ट्रान्स्फर केसवरून जाते, एक्सलच्या आधी. त्यामुळे ५.३८ चा ४.२७ केला की मीटर खरा वेग दाखवत नाही. मीटरचा गिअर बदलून मिळत नसेल तोवर डॅशबोर्डवर चिठ्ठी चिकटवा: मीटरवर ४० म्हणजे खरे ५०, मीटरवर ४८ म्हणजे खरे ६०.